विचारून भरलेला पेला

'पदराच्या गाठी' या आपल्या सदराकडे येणारी पत्रे बहुधा ठरलेल्या विषयांवरची असतात. लोणच्याला बुरशी आली, कुकरची रिंग सैल झाली, पांढऱ्या साडीवर हळद सांडली. या आठवड्यात मात्र एका भगिनीचे असे पत्र आले, की मी ते दोनदा वाचले आणि मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले.

सांगलीकडच्या या भगिनी लिहितात: ''मुलगा आणि सून अमेरिकेत टेक्सासला असतात. येत्या डिसेंबरात आम्ही दोघं तिकडे चाललो आहोत. सूनबाई फोनवर म्हणाली, 'आई, तुम्ही असताना मित्रमंडळींना घरी बोलावणार आहोत. मेक्सिकन जेवण आणि पालोमा करू. तुम्ही मदत कराल ना?' मी आनंदाने हो म्हटलं. पालोमा म्हणजे दारू घातलेलं तिखट सरबत, हे मला नंतर कळलं! मी जन्मात असल्या बाटलीला हात लावलेला नाही. आता नाही म्हटलं तर पोर हिरमुसेल. हो म्हटलं तर आमचे हे काय म्हणतील? आणि करायचंच झालं तर ते नीट कसं करायचं? हसू नका.''

हसले नाही हो. कारण हाच प्रश्न गेल्या जानेवारीत मला पडला होता, आमच्या लेकीच्या सॅन अँटोनिओच्या घरी, ऐन संक्रांतीच्या आठवड्यात. मीही घेत नाही. घेणार नाही. पण त्या एका संध्याकाळच्या तयारीत जे शिकले, ते कोणत्याही घरच्या यजमानणीने पदराला बांधून ठेवावे असे आहे. म्हणून आज पाककृती तर देतेच, पण त्याआधी आमच्या घरी काय घडलं तेही सांगते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. ज्या घरात दारू येत नाही, तिथे ती या लेखामुळे येऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्वच्छ सांगितले आहे, की दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्णपणे निर्धोक नाही. पण मुलांच्या घरी ती येत असेल आणि आपण त्या घरात वावरणार असू, तर डोळे मिटून बसण्यापेक्षा डोळे उघडे ठेवलेले बरे.

हे आहे तरी काय?

पालोमा या स्पॅनिश शब्दाचा अर्थ कबूतर. मेक्सिकोत घरोघरी होणारं हे पेय. टकीला, ग्रेपफ्रूटची चव असलेला सोडा, लिंबू आणि मीठ, एवढंच त्यात असतं. कोणी सोड्याऐवजी ताजा रस घालतात. त्यात मिरची घातली की झालं तिखट पालोमा.

टकीला कशाची होते हे ऐकून मला गंमत वाटली. आपल्याकडे शेताच्या बांधावर, रेल्वेच्या कडेला घायपात दिसतो ना, ज्याच्या वाखाचे दोर वळतात? त्याच्याच कुळातल्या निळसर घायपाताची. पुष्कळजण त्याला निवडुंग समजतात, पण तो निवडुंग नव्हे. पानं तासून टाकली की आत जो गड्डा उरतो, तो थेट अननसासारखा दिसतो. तिकडे त्याला अननसच म्हणतात, स्पॅनिशमध्ये 'पिन्या'. झाड तयार व्हायला साधारण सहा-सात वर्षं जातात. मग तो गड्डा भट्टीत भाजायचा, रस काढायचा, आंबवायचा आणि ऊर्ध्वपातन करायचं. हालिस्को राज्यात टकीला नावाचं गावच आहे. आपल्या हापूसला जशी नावाची राखण आहे, तशी १९७४ सालापासून मेक्सिकोत टकीला या नावाला आहे. हालिस्को आणि आणखी चार राज्यांतले ठरलेले भाग सोडले, तर दुसरीकडे केलेल्या दारूला ते नाव लावता येत नाही. गोव्यात आपल्या दख्खनच्या घायपातापासून काढलेली दारू मिळते, पण तिला टकीला म्हणता येत नाही ते याचमुळे.

आता ग्रेपफ्रूट. हे आपल्या पपनसाचंच लेकरू! पपनस आणि संत्रं यांच्या संकरातून अठराव्या शतकात वेस्ट इंडीजच्या बार्बाडोस बेटावर ते जन्माला आलं. चव आंबट, गोड आणि मागाहून कडसर. टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात आतून लालभडक असणारी ग्रेपफ्रुटं पिकतात. १९९३ साली टेक्सासने त्यांना राज्यफळाचा मान दिला. हिवाळा हा त्यांचा हंगाम. आमच्या लेकीकडेही खोकंभर आली होती.

आणि मिरची? ती तर मुळात त्याच बाजूची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आली आणि इतकी आपली झाली, की तिच्याशिवाय आपली चूल पेटत नाही. मेक्सिकोत रस्त्यावरचा फळवाला कापलेल्या कलिंगडावर, काकडीवर, आंब्यावर तिखट-मीठ भुरभुरतो आणि वर लिंबू पिळतो. आपला शाळेबाहेरचा पेरूवाला आठवला की नाही? त्यामुळे फळाचा रस आणि मिरची ही जोडी आपल्या जिभेला परकी नाही.

आमच्या घरी काय घडलं

लेकीच्या शेजारी मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहराकडच्या एक बाई राहतात, साठीच्या आसपासच्या. त्या म्हणाल्या, ''तुमच्या आईला मी शिकवते.'' शुक्रवारी सकाळी त्या आल्या. त्या स्पॅनिश-इंग्रजी बोलायच्या, मी मराठी बोलायचे, मध्ये लेक. त्यांनी फळ हातात घेतलं आणि म्हणाल्या, ''तोरोंहा.'' मी कान टवकारले. सिंधुदुर्ग-गोव्याकडे पपनसाला तोरंजन म्हणतात! माटवीला टांगतात ते. तेव्हापासून आमचं सूत जुळलं.

मी फळ कापता कापता सहज सांगितलं, ''आमचे हे घेत नाहीत. त्यांच्यासाठी नुसता रस, सोडा आणि मिरची. दारूचा थेंब नाही, म्हणजे काळजीच नाही.''

त्या बाईंनी सुरी खाली ठेवली. विचारलं, ''तुमचे यजमान रोज कसल्या गोळ्या घेतात का?''

खरं सांगते, मला राग आला. माझ्या नवऱ्याच्या गोळ्यांशी हिला काय करायचंय? मी लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, ''आई, सांग ना. त्या सगळ्यांनाच विचारतात. त्यांच्या वडिलांना डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळीमुळे हे फळ बंद केलं होतं.''

आमचे हे गेली आठ वर्षं कोलेस्टेरॉलची गोळी घेतात. लेकीने पाकीट आणलं, आतली घडीची चिठ्ठी उलगडली. बारीक अक्षरात लिहिलं होतं, या औषधाबरोबर ग्रेपफ्रूट घेऊ नये.

मैत्रिणींनो, माझ्या पायाखालची जमीन सरकली. कारण गेले दोन आठवडे रोज सकाळी अर्धं फळ साखर भुरभुरून मीच त्यांच्यापुढे ठेवत होते. 'सी' जीवनसत्त्व म्हणून, कौतुकाने! आणि गेले चार दिवस ह्यांच्या पोटऱ्या आणि मांड्या दुखत होत्या. 'फार चालता तुम्ही इथे' असं म्हणून रात्री मीच तेल चोळत होते. फळ कापणारा हात माझा आणि तेल चोळणारा हातही माझाच.

संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे सकाळ झाल्यावर, लेकीने आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ''अंगदुखी चालण्याची की याची, हे इथून सांगता येत नाही. फळ आजपासून बंद. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. रक्त तपासून घ्या.'' ते दोन दिवस मला गोड लागले नाहीत. तपासणीत काही वावगं निघालं नाही, पाय दुखायचेही थांबले. पण मी जी घाबरले ती घाबरलेच.

फळ आणि गोळी यांचं वैर

नंतर मी हे सगळं समजून घेतलं, ते थोडक्यात सांगते. पोटात गेलेल्या पुष्कळशा औषधांचा काही भाग आतड्यातच मोडला जातो. ते काम एक विकर करतं. डॉक्टर हे सगळं हिशोबात धरूनच गोळीचा डोस ठरवतात. ग्रेपफ्रूटमधली काही द्रव्यं या विकरालाच निकामी करतात. मग औषध मोडलं जात नाही, ठरल्यापेक्षा जास्त रक्तात उतरतं. गोळी एकच, पण शरीराला वाटतं दोन-तीन घेतल्या.

हा शोध कसा लागला ते ऐका. कॅनडात संशोधक रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. पेल्यात दारू आहे की नाही हे घेणाऱ्याला कळू नये, म्हणून त्यांनी तिची चव झाकायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला. औषध रक्तात भलतंच वाढलं. पाहतात तर गुन्हेगार दारू नव्हे, रस! ही गोष्ट १९८९ साली प्रथम प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्या पेल्यात दारू लपवायला रस घातला, त्याच पेल्यात रसाची करामत उघडी पडली.

आता नीट लक्षात ठेवा:

१. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांपैकी सिम्वास्टॅटिन आणि लोवास्टॅटिन यांच्याबरोबर हे फळ टाळायचं असतं. आपल्याकडे सर्रास दिली जाणारी अ‍ॅटोर्वास्टॅटिन असेल तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रक्तदाबाच्या काही गोळ्या, अवयवरोपणानंतरची औषधं, काही मानसिक आजारांवरची औषधं, अशी यादी लांब आहे. सगळ्याच गोळ्यांना त्रास होतो असं मात्र नाही. म्हणून डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला गोळीचं नाव सांगून विचारावं.

२. 'फळ सकाळी, गोळी रात्री' ही पळवाट चालत नाही. फळाचा परिणाम चोवीस तास, कधी त्याहूनही जास्त टिकतो.

३. पपनसातही हा गुण असतो. तेव्हा गणपतीत पपनस सोलून आजोबांपुढे ठेवण्याआधीही विचारा. मार्मालेडसाठी वापरतात ते कडू संत्रंही याच जातीचं. आपलं नेहमीचं गोड संत्रं मात्र या बाबतीत निर्दोष आहे.

तीन पेले

त्या बाईंनी मग मला एका पेल्याऐवजी तीन पेले शिकवले. तिन्ही दिसायला सारखे देखणे, तिन्हींना तीच मिरची, तेच मीठ. त्यामुळे कोण घेतो आणि कोण घेत नाही, हे पाहुण्यांना कळायचं कारण नाही.

*मिरचीचा पाक (दहा-बारा पेल्यांना पुरेल)*

साहित्य: अर्धी वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, एक हालापेन्यो मिरची. ही मिरची जाड सालीची, मध्यम तिखट असते. इकडे करायचं असेल तर भज्यांची मिरची घ्या. लवंगी मिरचीचा मोह नको.

कृती: मिरची उभी चिरून बिया आणि आतला पांढरा गर काढून टाका. खरा तिखटपणा त्या पांढऱ्या गरात असतो, बियांत नव्हे. साखर-पाणी फक्त साखर विरघळेपर्यंत गरम करा. तार वगैरे बघायची नाही. गॅस बंद करून मिरचीच्या चकत्या टाका, झाकण ठेवा. दहा मिनिटांनी चव बघा. हवं तर आणखी पाच मिनिटं ठेवा आणि गाळून घ्या. गार झाल्यावर वापरा. मिरची पाकातच विसरलात तर पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी येईल.

काहीजण मिरची थेट टकीलात भिजवतात. पण दारूत तिखट भराभर उतरतं, अंदाज चुकतो. शिवाय दारू न घेणाऱ्यांच्या पेल्याला त्याचा उपयोग नाही. पाकाची युक्तीच बरी.

*काठाचं मीठ*

एक मोठा चमचा जाडं मीठ किंचित कुटून घ्या. त्यात अर्धा लहान चमचा ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीचं तिखट मिसळा. पेल्याच्या काठाला लिंबाची फोड फिरवून काठ या मिश्रणात टेकवा. पण अर्धाच काठ. उरलेला अर्धा कोरा ठेवा, म्हणजे मीठ कमी खाणाऱ्याला त्या बाजूने पिता येतं.

*पहिला पेला, घेणाऱ्यांचा*

टकीला ४५ मिलिलिटर (मोजायचे मोठे चमचे तीन), ग्रेपफ्रूटचा ताजा रस ६० मिलिलिटर (चार चमचे), लिंबाचा रस एक चमचा, मिरचीचा पाक एक चमचा, चिमूटभर मीठ. उंच पेला बर्फाने भरा, हे सगळं घालून ढवळा. वरून साधारण ९० मिलिलिटर गार सोडा हलक्या हाताने ओता आणि एकदाच खालून वर ढवळा. सोडा आधी घालून ढवळत बसलात तर फेस निघून जातो आणि पेय मिळमिळीत होतं. वर ग्रेपफ्रूटची पातळ चकती.

टकीला पांढरी, म्हणजे रंगहीन घ्यावी. बाटलीवर '१०० टक्के अगावे' असं लिहिलेलं बघावं. तसं नसेल तर तिच्यात घायपाताची साखर निदान ५१ टक्के असते आणि बाकी दुसरी कसलीतरी.

*दुसरा पेला, न घेणाऱ्यांचा*

टकीला गाळा. ग्रेपफ्रूटचा रस ९० मिलिलिटर करा, बाकी तसंच. कडसरपणा जास्त वाटला तर मीठ आणखी एक चिमूट घाला. मिठाने कडवटपणा दबतो. साखर ओतत सुटू नका.

*तिसरा पेला, गोळ्या घेणाऱ्यांचा*

ग्रेपफ्रूटही नाही, टकीलाही नाही. गोड संत्र्याचा रस ९० मिलिलिटर, लिंबाचा रस एक चमचा, मिरचीचा पाक अर्धा चमचा, वरून सोडा. मधुमेह असेल तर रस निम्मा, पाक अजिबात नको. मिरचीची एक चकती नुसती पेल्यात सोडा. ह्यांना हाच पेला दिला. म्हणाले, ''तुझ्या पन्ह्याच्या खालोखाल.'' एवढं कौतुक पुरे झालं.

हालिस्कोत असंच पेय मातीच्या लहान कुल्हडांतून देतात. त्याला कांतारितो म्हणतात. कुल्हड आधी पाण्यात भिजवून घ्यायचा, आपण नवा माठ भिजवतो तसा. मातीचा वास आणि लिंबाचा वास एकत्र आले की काय छान वाटतं! कुल्हड मिळाले तर दुसरा आणि तिसरा पेला त्यातून नक्की द्या.

वाढण्याची रीत

आपल्या पंगतीत आग्रह हा पाहुणचाराचा प्राण. एक जिलबी माझी, एक ह्यांची, एक घरच्या लक्ष्मीची! पण जिलबीला शोभतो तो आग्रह पेल्याला शोभत नाही. 'घ्या हो, एवढ्याने काय होतंय' हे वाक्य या टेबलावर कोणाच्याही तोंडून निघता कामा नये, यजमानांच्याही नाही. कोणी नको म्हटलं की कारण विचारायचं नाही. ती बाई गरोदर असेल आणि अजून कोणाला सांगितलं नसेल. कोणी सोडण्याच्या प्रयत्नात असेल. कोणाचा उपास असेल. नको म्हणजे नको, आणि हातात लगेच दुसरा पेला.

जगमध्ये एकदम कालवून ठेवू नका. जगातून ओतलं की कोणी किती घेतलं त्याचा हिशोब राहत नाही. पेला एकेक मोजून करावा. ४५ मिलिलिटर टकीला म्हणजे अमेरिकेत धरतात ते एक माप. शरीराला एवढं पचवायला साधारण तासभर लागतो. अर्धा उरलेला पेला वरून भरू नका, मोज तिथेच चुकते. कॉफीने, लिंबूपाण्याने किंवा गार पाण्याच्या अंघोळीने चढलेली उतरत नाही. वेळ जावा लागतो.

आधी खाणं, मग पेला. मी भाजलेले शेंगदाणे कांदा-लिंबू घालून केले होते. काकडी आणि पेरूच्या फोडी तिखट-मिठात घोळल्या होत्या. मक्याच्या कुरकुरीत चकत्या आणि अवाकाडोची चटणी शेजारणीने आणली. तिखटाने तोंड पोळलं तर पाणी उपयोगाचं नाही, म्हणून दह्याची एक वाटी आणि काकडीची कोशिंबीर जवळच ठेवली. पाण्याचा तांब्या मात्र टेबलाच्या मधोमध हवाच.

दाराजवळ एक वाटी ठेवली होती. घेणाऱ्याने आल्याबरोबर गाडीची चावी त्यात टाकायची. परत जाताना गाडी न घेणारा चालवणार किंवा टॅक्सी बोलावणार. जावईबापूंनी हे हसतखेळत केलं, त्यामुळे कोणाला अपमान वाटला नाही.

झोपेच्या गोळ्या, झोप आणणारी सर्दीची औषधं, मधुमेहाची इंजेक्शनं किंवा काही गोळ्या यांच्याबरोबर दारू धोक्याची. म्हणून पहिला पेला भरण्याआधी हलक्या आवाजात एकच प्रश्न: 'रोजच्या काही गोळ्या आहेत का?' शेजारणीसारखा. मला राग आला होता, हे खरं. पण तुमच्या पाहुण्यांना आला तरी विचारा.

मुलं घरात असतील तर उष्टे पेले टेबलावर राहू देऊ नका. गुलाबी रंग, वर फळाची चकती, पोरांना ते सरबतच वाटणार. पेला रिकामा झाला की लगेच मोरीत नेऊन विसळावा.

आणि इकडे महाराष्ट्रात कोणी करणार असेल, तर कायदाही माहीत असावा. आपल्याकडे दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो आणि अशा कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. टेक्सासमध्ये वयाची अट २१ वर्षांची.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर

सांगलीच्या भगिनी, सूनबाईला तुम्ही हो म्हणाला आहात, तो शब्द मोडू नका. पण वाटणी करून घ्या. बाटली तिने उघडावी, माप तिने किंवा मुलाने घालावं. तुम्ही मिरचीचा पाक, काठाचं मीठ, खाण्याच्या बश्या आणि दुसरा-तिसरा पेला सांभाळा. तिला सरळ सांगा, ''मी बाटलीला हात लावणार नाही, पण तुझ्या पाहुण्यांना काही कमी पडू देणार नाही.'' पोरगी हिरमुसणार नाही, उलट तिचा जीव भांड्यात पडेल. कारण तिलाही धाकधूक असणारच, आईंना हे कसं सांगावं याची.

आणि तुमच्या ह्यांना काय सांगायचं? निघण्याआधी दोघांच्याही गोळ्यांची पाकिटं काढून नावं एका कागदावर लिहा, डॉक्टरांना दाखवा आणि विचारा, ''तिकडे हे फळ खाल्लं तर चालेल का?'' कागद पर्समध्ये ठेवा. मग ह्यांच्यापुढे संत्र्याचा पेला ठेवा आणि सांगा, ''हा मी केलाय, तुमच्यासाठी वेगळा.'' कुठल्या नवऱ्याची कुरकुर यापुढे टिकते ते बघूच!

*जाता जाता:* मिरची चिरलेल्या हाताची आग नुसत्या पाण्याने जात नाही. तिखट तेलात विरघळतं. आधी हाताला थोडं गोडं तेल चोळा, मग साबण लावून धुवा. आणि तोवर डोळ्याला हात लावू नका. हे मी कसं शिकले, ते विचारू नका.